भूलवाल्या सरांचा लसूण

बाईनं नवऱ्याचं नाव सरळ घेतलं की ती अजून पुरती शुद्धीवर आलेली नाही, हे मला नर्सिंगच्या कोर्सला कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकवलं भूलवाल्या सरांनी. ऑपरेशन उरकलं की ते टेबलाच्या डोक्याकडून वाकून विचारायचे, "ताई, मालकांचं नाव काय?" बाई डोळे मिटूनच "भगवान" म्हणाली की सर परत स्टुलावर टेकायचे आणि मला म्हणायचे, "अजून हाय." औषध अजून आहे, असा त्याचा अर्थ. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. आता बाई पदर चाचपायची, तोंड फिरवायची, "इश्श, कागदावर लिव्हलंय की" म्हणायची. मग सर उठायचे. "लाजली. न्या वार्डात." एका बाईनं तर टेबलावर पडल्या पडल्या उखाणा घातला होता, "हिरवा पडदा, पांढरी गादी, भगवानरावांचं नाव घेते, सुई काढा आधी." त्या दिवशी सरांनी तिच्या केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, पेशंट पूर्ण शुद्धीत, आणि खाली दोन रेघा मारल्या.

मी तेव्हा कोरेगावच्या एका वीस खाटांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. हॉस्पिटल आमच्या मोठ्या डॉक्टरांचं. ते सर्जन, वर राहायला, खाली हॉस्पिटल. भूल द्यायला सर साताऱ्याहून स्कूटरवर यायचे. पायापाशी पत्र्याची पेटी, डोक्याला मफलर, भर मे महिन्यातसुद्धा. असे भूल देणारे डॉक्टर गावोगाव फिरतात. सकाळी आमच्याकडे, दुपारी वडूज, आठवड्यातून एकदा पार आष्ट्याला. माणसं त्यांना नावानं ओळखत नसत. "भूलवाला आला का?" एवढंच. त्याचा त्यांना राग येत नसे. राग कशाचा यायचा, तर त्यांच्या पिवळ्या औषधाला दुसऱ्या कुणी हात लावला की.

ते औषध म्हणजे बाटलीत फिकट पिवळी पूड. त्यात पाणी घालून ते शिरेतून द्यायचं. आता सगळीकडे दुसरं, दुधासारखं पांढरं औषध आलंय. ही पूड हल्लीच्या पोरींनी पाहिलेलीसुद्धा नाही. सर ती स्वतः कालवायचे, बाटली उजेडाला धरायचे, जराशी गढूळ वाटली की फेकून द्यायचे. दहा वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, पण एकदाही मला बाटली हलवू दिली नाही. मी फणकारले तर म्हणायचे, "सिस्टर, ह्ये चुकीच्या वाटंनं गेलं तर पेशंटची बोटं काळी पडत्याली. मग तुमी माझ्याव फुगला काय नि न्हाई काय." कोपरापाशी शीर आणि धमनी शेजारी शेजारी असतात, म्हणून तिथं ते तीनदा नाडी चाचपायचे. मग थोडंसंच औषध सोडून थांबायचे आणि विचारायचे, "हात जळतुया का?" नाही म्हटल्यावरच पुढचं.

वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं, पण सर पेशंटला काट्यावर उभं करायचेच नाहीत. पाठीच्या कण्याला लागून, कमरेच्या वर, अंगठा आणि दोन बोटं दाबायचे नि सांगायचे, "बावन्न." मी हट्टानं काट्यावर चढवायची. त्रेपन्न भरायचं. "लुगडं वल्लं आसंल," सर म्हणायचे. त्यांच्या बापाची मेंढरं होती, खटावच्या कोरड्या बाजूला. बाजारात मेंढरू असंच हातानं जोखतात, चरबी किती, मांस किती. "काट्याला ह्यातलं काय कळतंय? काटा म्हंतो सत्तर. सत्तर किलो पैलवान वायला, सत्तर किलो दुकानदार वायला." आष्ट्याच्या एका पैलवानाचा निखळलेला खांदा बसवताना तिथल्या डॉक्टरांनी काट्याचं ऐकायचा आग्रह धरला, आणि पैलवान मध्येच उठून बसला. "कुणी वडला रं हात?" एवढंच विचारलं म्हणे त्यानं, पण खोलीत उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं.

हे औषध इतक्या लवकर का उतरतं, असं मी एकदा विचारलं होतं. पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. सर म्हणाले, "उतरत न्हाई. तळ हलिवतं. मेंढरं कशी, आधी जिथं हिरवं दाट तिथं शिरत्यात. डोक्यात रगात जास्ती, म्हणून पयलं डोक्यात. तिथं माणूस झोपला. धा मिनिटांत कळप उठला नि मांसात गेला. माणूस जागा झाला. नातेवाईक म्हंत्यात, उतरली भूल. आवं, उतरली कुठं? मेंढरं अजून शिवारातच हायती. मागनं चरबीत जाऊन बसत्याली ती दोन दोन दिस हलायची न्हाईत." म्हणून ते जाग्या झालेल्या पेशंटलाही त्या दिवशी एकट्यानं घरी जाऊ देत नसत. एक प्राथमिक शिक्षक सायकल घेऊन निघाले होते, तर सरांनी सायकलच्या चाकातली हवा सोडली.

पेशंटला झोपवताना दुसरे डॉक्टर आकडे मोजायला लावतात. सर एसटीचे थांबे म्हणायला लावायचे. ज्याचं जे गाव तिथून पुढं. "वडूज, खटाव, पुसेगाव, कोरेगाव..." कोरेगाव गाठणारा पेशंट विरळा. पुसेगावच्या पुढं गेला की सर डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, "रोज घेतोस का रं?" दारू पिणाऱ्याला हे औषध जास्त लागतं. बायका बाहेर बसलेल्या असायच्या, त्यामुळे पुरुष पेशंट झोपेत जाता जातासुद्धा नाही म्हणायचे.

सगळ्यात मोठी गोष्ट राहिलीच. सरांचा डबा. बाजरीच्या दोन भाकरी आणि लसणाचा ठेचा. रोज. भाजी असली तर असली. ठेच्यात मिरची नावाला, लसूण मूठभर, आणि वरून चार पाकळ्या कच्च्या. त्यांच्या तोंडावर मास्क असायचा तो आमच्या बचावासाठी. त्यातून गंमत अशी की त्या पिवळ्या औषधात गंधक असतं, आणि ते शिरेतून गेलं की झोप लागायच्या आधी क्षणभर पेशंटच्या जिभेवर लसणाची चव येते. बिचाऱ्या पेशंटना वाटायचं, डॉक्टर जेवून आलेत. मोठे डॉक्टर सरांना म्हणायचे, "तुम्ही आणि तुमचं औषध एकाच वाफ्यातलं." सर त्यावर खूश व्हायचे.

अशात तानूआजी आली. वडूजच्या पलीकडच्या वाडीची, धनगराघरची. गळ्यात तुळशीची माळ, अंगात ताप, साखर वाढलेली, आणि बाभळीचा काटा मोडून पाऊल घोट्यापर्यंत पूनं भरलेलं. बरोबर सून. मोठे डॉक्टर सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, "पाऊल उघडून एक दिवसाआड साफ करावं लागेल, चार-पाच वेळा. नाहीतर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल." दर वेळी दहा मिनिटांचं काम. असल्या कामाला सरांच्या औषधासारखं औषध नाही.

पहिल्या दिवशी सरांनी तिला थांबे म्हणायला सांगितले. आजी म्हणाली, "येष्टीनं कोण जातंय? आमी मेंढरामागं चालत जायचो कोकणात." "मग त्ये मुक्काम सांगा." आजीनं सुरू केलं, "औंध, रहिमतपूर, मसूर..." आणि मसूरला झोपली. सर सिरिंज धरून तसेच उभे, पुढचे मुक्काम स्वतःच पुटपुटले, उंब्रज, पाटण. मग म्हणाले, "आमची बी हीच वाट."

आजी जागी झाली. सरांनी मालकांचं नाव विचारलं. आजी म्हणाली, "आधी सांग, माझ्या त्वांडात लसूण कुणी घातला?"

आम्ही हसलो. आजी हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा आमचं हसणं थांबलं. सून म्हणाली, आत्यांनी लसूण सोडलाय, सोळा वर्षं झाली. आजीचा मुलगा फौजेत होता. "बरफात असतोय," आजी म्हणाली. "त्यो हातापायानं धड, कायमचा घरला येईस्तवर लसणाला शिवणार न्हाई, आसं बिरोबाला बोललीया. धा म्हैनं ऱ्हायल्यात त्येच्या पेन्शनीला. आन तू आज लसूण चारलास."

सर अजिजीला आले. "आजी, लसूण न्हाई त्यो. औषधातला गंधकाचा वास."

"वास नाकाला येतो. ही चव व्हती."

"औषध शिरंतनं दिलंय. त्वांडातनं न्हाई."

"मग त्वांडात कसं आलं?"

"रगतातनं जिभंपतुर जातं त्ये."

"म्हंजी गेलंच न्हवं त्वांडात," आजी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. खरं सांगते, मला तिचंच पटलं.

एक दिवस सोडून पुन्हा पाऊल साफ करायचं होतं. आजी टेबलावर यायला तयार नाही. मोठे डॉक्टर ओरडले, सून रडली. आजी म्हणाली, "कापा पाय. माझा गेला तरी चालंल, पर त्येचा ऱ्हाऊ दे."

"आजी, कापायला बी भूल लागती," सर म्हणाले.

"मग तसंच कापा. मी डोळं झाकून घ्येते."

मी त्या दिवशी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. राग आजीचा होता की सगळ्यांचाच, ठाऊक नाही. वॉर्डात पावलाचा वास यायला लागला होता, आणि वास आला म्हणजे दिवस कमी राहिले, एवढं मला कळत होतं.

दुसरं एक औषध द्यावं तर आजीचं बीपी आडवं. कमरेत सुई द्यावी तर ताप आडवा. आणि पूनं भरलेल्या पायात बधिर करायचं औषध लागू पडत नाही. उरलं ते नवीन पांढरं औषध, ज्याला सर नाक मुरडायचे. "दूध कुणी शिरंत घालतं का?" म्हणायचे. तरी त्या दिवशी स्कूटर काढून साताऱ्याला गेले आणि ते घेऊन आले. मोठ्या डॉक्टरांनी हुश्श केलं. सर मात्र चष्मा लावून त्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचत बसले. मग उठले, सरळ आजीच्या खाटेपाशी गेले आणि म्हणाले, "आजी, ह्येला लसणाची चव न्हाई. पर ह्यात अंड्यातला थोडा बलक असतोय."

आजीनं गळ्यातल्या माळेला हात लावला. झालं.

"तुम्हाला कुणी सांगायला सांगितलं होतं?" मोठे डॉक्टर बाहेर येऊन सरांवर ओरडले. "एका माणसाला तरी कळलं असतं का?"

"मला कळालं असतं की," सर म्हणाले. "साहेब, जाग्या माणसाला फसवलं तर त्ये भांडतं तरी. माझी माणसं झोपल्याली असत्यात."

मग सर आजीच्या खाटेशेजारी खाली फरशीवर मांडी घालून बसले. खुर्ची होती, पण खाली बसले. बराच वेळ कुठली मेंढरं कुठल्या वाटेनं जायची हेच चाललं होतं. तिच्या दिराला सरांचे वडील ओळखत होते, असं निघालं. मग सरांनी विचारलं, "आजी, ह्यो नेम दुसऱ्यानं धरला तर चालतो का?"

"घरातल्यानं धरला तर चालतो."

"मी तुमच्याच वाटंचा. घरातलाच की."

आजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तू लसूण खातोस का? जो खातच न्हाई त्येनं सोडून काय उपेग?"

आता मात्र मला राहवेना. मी म्हणाले, "आजी, यांच्याइतका लसूण सातारा जिल्ह्यात कुणी खात नसेल. शपथेवर सांगते." आजीनं सरांना जवळ बोलावलं, त्यांचं तोंड हुंगलं आणि मान हलवली. "खातोय," ती म्हणाली. मग कनवटीची पुरचुंडी सोडली आणि भंडारा पुढं केला. सरांनी हात धुतले. एमडी झालेल्या माणसानं आमच्या देखत भंडारा उचलून शब्द दिला, की ह्या आजीचा लेक घरला येईस्तवर माझ्या तोंडाला लसूण लागणार नाही. मोठे डॉक्टर दारात उभे होते. ते मला म्हणाले, "टेबल लावा."

सर पूड कालवायला लागले. आजी स्वतःहून हात पुढं करून झोपली. औषध आत गेलं तशी तिनं तोंड वाकडं केलं.

"आला का लसूण?" सरांनी विचारलं.

"आला. पर आता त्यो तुज्याकडं हाय," आजी म्हणाली, आणि रहिमतपूरलाच झोपली.

पाच वेळा पाऊल साफ केलं. पाय वाचला. दीड महिन्यानं आजी काठी टेकत स्वतःच्या दोन पायांवर घरी गेली. जाताना सरांना म्हणाली, "ध्यान ठेव बरं का." मला वाटलं होतं, आठ दिवसांत हा माणूस गुपचूप ठेचा खायला लागेल.

नाही लागला. काय त्या माणसाची अवस्था झाली ते मी पाहिलंय. बाजरीची भाकरी आणि मिरचीत मीठ. दोन घास खायचे आणि डब्याकडे बघत बसायचे. चिडचिडे झाले. लग्नाच्या पंगतीत आमटी हुंगून ताट बाजूला सारायचे, हॉटेलात वेटरशी वाद घालायचे. मी मेली दुष्ट. मी त्यांच्यासमोर मुद्दाम लसणाची चटणी काढायची आणि म्हणायची, "सर, एवढीशी?" ते मास्क वर ओढायचे. त्यांच्या बायकोचा मला फोन आला होता, "सिस्टर, असली कसली आजी हो ती? स्वयंपाकघरात दोन फोडण्या कराव्या लागतायत."

दहा महिने भरायला आले आणि सुनेचा फोन आला. पोराला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली होती. सरांनी फोन ठेवला, डबा उघडला, भाकरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरकारला इचारून नेम धराय पायजे व्हता." आम्ही पोट धरधरून हसलो. ते हसले नाहीत.

त्यानंतरच्या थंडीत आजी गेली. झोपेतच गेली, घरी. सर दहाव्याच्या दिवसाला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणाले, आणि या वेळी चेष्टेनं नाही, "सर, आता सोडा. आजी गेली. कोण बघतंय?"

सर भाकरी चावत राहिले. मग म्हणाले, "म्हातारी गेली. पोरगा अजून तितंच हाय की."

मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

पोरगा आला तो वर्षभरानं. आम्ही एका अपेंडिक्सच्या केसला होतो. सरांचा फोन वाजला, त्यांचे हात गुंतलेले, म्हणून मी तो त्यांच्या कानाला धरला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "साहेब, सातारा स्टँडवर उतरलोय. कायमचा आलो." सर म्हणाले, "हातपाय?" तो म्हणाला, "समदं धड हाय." सर म्हणाले, "बरं," आणि पेशंटची नाडी बघायला लागले. पेशंटला वॉर्डात पाठवून, हात धुऊन सर डबे ठेवायच्या खोलीत आले आणि आमच्यापुढं उभे राहिले. "काडा," ते म्हणाले. "कुणाच्या डब्यात लसूण हाय?"

मी माझा डबा उघडला नाही. शंकरमामा, आमचे वॉर्डबॉय, त्यांनी त्यांचा उघडला, वांग्याची भाजी होती. सरांनी वाकून हुंगली. लसूण नाही. आमची आयाबाई सुमनमावशी पदराशी चाळा करत म्हणाली, "मी न्हाई घालत आता. पित्त हुतंय." मामा म्हणाले, "माझं बी पित्तच." मोठ्या डॉक्टरांचा डबा वरून आला होता, वरण आणि दोडका. सर त्यांच्याकडे बघत राहिले. मोठे डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे हिनंच बंद केलाय. बीपी." त्यांचं बीपी मीच रोज तपासायची. एकशेवीस-ऐंशी.

सर "पोरगा अजून तितंच हाय" म्हणाले त्या दिवसापासून मीही घरी ॲसिडिटी सांगून लसूण बंद केला होता.

कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. चौघांच्या डब्यांत मिळून एक पाकळी निघाली नाही. सर स्टुलावर बसले, मफलरानं डोळे पुसले आणि मामांना म्हणाले, "जा रं गड्या, बाजारातनं आण." मामा पिशवी न घेताच पळाले.